एल्फिन्स्टन : आडनाव एक, माणसं किती?

जुना_गिरगावकर

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरत होता : 'एल्फिन्स्टन साहेबाने पेशवाई बुडवली, सत्तावनच्या बंडात मुंबई शांत ठेवली आणि अखेर काबूलच्या मोहिमेत कैदेत मेला.' खाली पंचवीस-तीस अंगठे. तीन माणसांची आयुष्यं एकाच्या नावावर चढवली आहेत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिघं एकाच घरातले आहेत, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे, म्हणून हा धागा.

आधी आडनावाबद्दल. मॅक्डोनाल्ड, कॅम्पबेल, स्ट्युअर्ट स्कॉटलंडात ढिगाने मिळतात. एल्फिन्स्टन तिथेही विरळाच. एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियन भागात ट्रॅनेंट गावाजवळ एल्फिन्स्टन नावाचं खेडं आहे, घराण्याचं नाव त्या जहागिरीवरून पडलं. १५१० च्या सुमारास या घराण्याला 'लॉर्ड एल्फिन्स्टन' हा किताब मिळाला. पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडला, दुसरा १५४७ मध्ये पिंकीच्या. दोन्ही लढाया इंग्रजांविरुद्ध. पुढे याच घरातले लोक इंग्रजी राज्याच्या नोकरीत जगभर पांगले.

आता आपले तिघे :

माउंटस्टुअर्ट (१७७९-१८५९) : अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, मग दख्खनचा कमिशनर, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. एल्फिन्स्टन कॉलेजला नाव याचं.

जॉन, तेरावा लॉर्ड (१८०७-१८६०) : माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे सख्खा पुतण्या. आधी मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. ५७ साली गादीवर हा होता. एल्फिन्स्टन रोड स्टेशन (२०१८ पासून प्रभादेवी) आणि आजचं हॉर्निमन सर्कल, म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल, ही याच्या नावाची. मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलपतीही हाच.

विल्यम जॉर्ज कीथ (१७८२-१८४२) : जनरल. काबूलमध्ये फौज घालवणारा तो हा. माउंटस्टुअर्टचा चुलत भाऊ.

या आडनावाची आणखी कोणती मंडळी ठाऊक असतील तर येऊ द्या.

सह्यभटका

मस्त धागा. पुण्याचा भाग मी घेतो.

गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात खून झाला तो जुलै १८१५ मध्ये. एल्फिन्स्टनने त्रिंबकजी डेंगळ्यांवर बोट ठेवलं आणि बाजीरावाच्या मागे लागून त्यांना ताब्यात घेतलं. ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, तिथून ते १८१६ मध्ये निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून पळायचा बेत आत पोचवला गेला. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी कळायचं नाही. ही हकिकत कलकत्त्याच्या बिशप हेबरने लिहून ठेवली आहे.

मग १८१७ चा जूनमधला पुणे करार आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. एल्फिन्स्टन संगमावरच्या रेसिडेन्सीतून निघून नदी ओलांडून खडकीला फौजेत दाखल झाला आणि मागे मराठ्यांनी रेसिडेन्सी पेटवली. त्यात त्याची पुस्तकं, हस्तलिखितं, सगळं जळालं. ग्रीक-फारसी वाचणारा माणूस, त्याला बंगल्यापेक्षा त्याचंच दुःख जास्त झालं असणार.

मुळामुठा

दुःख वगैरे ठीक आहे, पण तीन महिन्यांत त्याने साताऱ्याला जाहीरनामा लावून पेशव्यांचं राज्य खालसा केलं हेही लिहा की. ११ फेब्रुवारी १८१८. आपल्याकडे या माणसाबद्दल फार हळवेपणाने बोललं जातं. 'विद्वान होता, सभ्य होता, शाळा काढल्या.' राज्य घेणारा माणूस सभ्य असला तर ते जास्त धोक्याचं, असं माझं मत.

जुना_गिरगावकर

@मुळामुठा, मत मान्य. पण एक प्रसंग सांगतो, त्यात त्याचा धूर्तपणा आणि प्रामाणिकपणा दोन्ही दिसतात. जॉन ब्रिग्ज नावाचा अधिकारी त्याच्या तंबूत गेला. कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. ही कशाला, असं विचारल्यावर एल्फिन्स्टन म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला; पण आमच्यासाठी हा युरोपला परत जायचा हमरस्ताच आहे. म्हणजे लोक शिकले की आपल्याला गाशा गुंडाळावा लागेल हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि तरी छापत होता.

लेखणीबहाद्दर

त्याच धोरणातून १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यासाठी पैसा कुठला? पेशव्यांच्या श्रावणमासातल्या दक्षिणेचा. रमण्यात ब्राह्मणांना वाटली जाणारी रक्कम एकदम बंद केली तर पुणं खवळेल, म्हणून थोडी विद्येकडे वळवली. पहिल्यांदा पोथ्या-शास्त्रं, इंग्रजी नंतर. हिशेबी माणूस.

कॉलेज मात्र त्याने स्वतः 'काढलं' नाही. १८२७ मध्ये तो जायला निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने वर्गणी जमवली, प्राध्यापक नेमायला. त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत, दादाभाई नौरोजी शिकले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. न्या. रानडे, रा. गो. भांडारकर आणि बऱ्याच वर्षांनी डॉ. आंबेडकर हे विद्यार्थी. म्हणजे परतीचा हमरस्ता बराच वाहता होता म्हणायचा.

काबुली_चणा

मला काबूलवर लिहायचंय. आयडीला जागायला नको का?

फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा गोंधळ एका अर्थी क्षम्य आहे, कारण माउंटस्टुअर्टसुद्धा अफगाणांकडे गेला होता. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल या भीतीने कंपनीने १८०८ मध्ये त्याला वकील म्हणून काबूलचा राजा शाह शुजाकडे पाठवलं. काबूलपर्यंत पोचलाच नाही, भेट पेशावरला झाली, १८०९ मध्ये. शुजा हिरेमाणकांनी इतका मढलेला होता की आधी त्याने चिलखत घातलंय असंच वाटलं, आणि दंडावरच्या कड्यात कोहिनूर. तह झाला, पण शाई वाळायच्या आत शुजाची गादी गेली. एल्फिन्स्टनने जमवलेल्या माहितीवर १८१५ मध्ये काबूलच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ छापला आणि पुढची कित्येक वर्षं अफगाणिस्तान म्हटलं की साहेबलोक तोच उघडत.

आता पुढचं बघा. तीस वर्षांनी कंपनीने त्याच शाह शुजाला पुन्हा गादीवर बसवायचं ठरवलं. माउंटस्टुअर्ट तेव्हा निवृत्त होऊन इंग्लंडात. त्याने कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्सला पत्रात स्पष्ट कळवलं : फौज पाठवाल, तिला खायला घालाल, तर कंदाहार-काबूल घ्याल, शुजाला बसवाल, पण त्या गरीब, थंड, दुर्गम मुलखात त्या लोकांमध्ये त्याला टिकवून धरणं मला अशक्य दिसतं.

आणि १८४१ मध्ये काबूलच्या फौजेचा सेनापती म्हणून कोण गेला? याचाच चुलत भाऊ!

दर्यावर्दी

बाप रे. हे माहीत नव्हतं. जनरलसाहेबांबद्दल अजून लिहा ना.

काबुली_चणा

विल्यम एल्फिन्स्टन वॉटर्लूला ३३व्या पायदळ पलटणीचा प्रमुख होता, तिथे चांगला लढला. त्यानंतर पंचवीस वर्षं लढाई पाहिली नाही. काबूलला आला तेव्हा साठीला टेकलेला, संधिवाताने जखडलेला, घोड्यावर बसवायला माणसं लागत. स्वभावाने गोड. वाईट एवढंच की जो शेवटी बोलेल त्याचं पटायचं.

छावणी काबूलबाहेर सखल जागी, भोवती टेकड्या. आणि कोठार, म्हणजे अख्ख्या फौजेचं धान्य, छावणीच्या तटाबाहेर! हा शहाणपणा त्याच्या आधीच्यांचा, पण निस्तरायची वेळ याच्यावर आली. २ नोव्हेंबर १८४१ ला शहरात बर्न्सला कापलं. जनरल विचार करत बसला. दोन-तीन दिवसांत कोठार गेलं. २३ डिसेंबरला वाटाघाटीला गेलेल्या ब्रिटिश वकिलाचा, मॅकनॉटनचा, खून झाला. तेव्हाही विचारच.

६ जानेवारी १८४२ ला बर्फात माघार सुरू झाली : साधारण साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांवर बाजारबुणगे, बायकापोरांसकट. ही फौज म्हणजे गोरे थोडे आणि बंगाल पलटणींतले हिंदुस्थानी शिपाई जास्त. थंडीची सवय नाही, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, अंगाखाली बर्फ आणि वर गिलझई टोळीवाल्यांच्या लांब नळीच्या जझैल बंदुका. १३ तारखेला जलालाबादच्या तटावरून पाहणाऱ्यांना एकच गोरा स्वार दिसला, डॉक्टर ब्रायडन. मागून काही थोडे आणखी वाचले, काही ओलीस होते, पण फौज म्हणून काही उरलं नव्हतं.

जनरल स्वतः वाटेत अफगाणांचा म्होरक्या अकबरखानाशी बोलणी करायला गेला आणि अडकला. २३ एप्रिलला कैदेतच तेझीनला मेला. अकबरखानाने प्रेत जलालाबादला पोचतं केलं, तिथे पुरलं.

मुळामुठा

पानपतावर बाजारबुणगे नेले म्हणून आपण भाऊसाहेबांना अडीचशे वर्षं बोल लावतो. इथे बारा हजार!

लेखणीबहाद्दर

+१. पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. लढाईपासून पंचवीस वर्षं लांब राहिलेल्या आजारी माणसाला पाठवलं कोणी, आणि का?

जुना_गिरगावकर

इथेच घराण्याचा मुद्दा येतो आणि मला या धाग्यात खरं तर तोच मांडायचा होता.

दहाव्या लॉर्ड एल्फिन्स्टनची तीन पोरं लक्षात ठेवा. थोरल्याला किताब मिळाला, त्याचा मुलगा आपला माउंटस्टुअर्ट. दुसरा विल्यम फुलर्टन, ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर, अध्यक्षही झाला. त्याचा मुलगा काबूलचा जनरल. तिसरा जॉर्ज कीथ, आरमारात.

स्कॉटिश सरदारघराण्यांत जमीन सगळी थोरल्याला जायची. धाकट्यांनी करायचं काय? १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर साम्राज्याची दारं त्यांना उघडली. कंपनीच्या डायरेक्टरला नेमणुका वाटायचा हक्क असे. चुलता डायरेक्टर, म्हणून सोळा-सतरा वर्षांचा माउंटस्टुअर्ट १७९६ मध्ये कलकत्त्यात उतरला. जनरलला काबूलला नेमलं ते गव्हर्नर-जनरल ऑकलंडने, पण घर तेच. एका नेमणुकीतून कंपनीला तिचा सर्वात जाणता अधिकारी मिळाला, दुसरीतून काबूल. वशिल्याने आलेला माणूस हुशार निघाला तर ते निव्वळ नशीब. कंपनीचं इतकं मोठं राज्य अशा नशिबावर चाललं होतं.

पुतण्या जॉनचंही तसंच. त्याला मद्रासला पाठवलं तेव्हा लंडनमध्ये कुजबूज होती की तरुण व्हिक्टोरियाचं मन त्याच्यावर बसतंय, म्हणून समुद्रापार धाडला. कुजबुजच ती, पुरावा नाही. लग्न मात्र त्याने केलं नाही. चुलत्यानेही केलं नव्हतं.

दर्यावर्दी

तिसऱ्या भावाबद्दल लिहायला माझे हात शिवशिवतायत!

जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, पुढे व्हायकाउंट कीथ (१७४६-१८२३). या घराण्यातला सर्वात वजनदार माणूस हाच, माझ्या मते. १७९५ मध्ये डचांकडून दक्षिण आफ्रिकेचं टोक, केप, घेतलं, म्हणजे हिंदुस्थानच्या वाटेवरचा नाका. पुढल्या वर्षी सल्दान्हा बे मध्ये डच आरमारी तांडा न लढता शरण आणला. १८०१ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर फौज उतरवली. नेल्सनचा तो काही काळ वरिष्ठ होता आणि दोघांचं पटत नसे.

पण खरी गंमत १८१५ ची. वॉटर्लूनंतर नेपोलियन 'बेलेरोफॉन' जहाजावर शरण आला तेव्हा चॅनल फ्लीटचा, म्हणजे इंग्लिश खाडीतल्या ब्रिटिश आरमाराचा, प्रमुख कीथ होता. तुम्हाला इंग्लंडात उतरता येणार नाही, सेंट हेलेनाला जायचंय, हे नेपोलियनला तोंडावर सांगायचं काम ३१ जुलैला याने केलं. नेपोलियन बराच तणतणला. म्हातारा ऐकून घेऊन परत आला.

आणि दोन वर्षांत याच्याच मुलीने, मार्गारेट मर्सर एल्फिन्स्टनने, कोणाशी लग्न केलं? शार्ल द फ्लाओ. वॉटर्लूला नेपोलियनच्या शेजारी घोड्यावर असलेला त्याचा अंगरक्षक-अधिकारी! बापाने आकाशपाताळ एक केलं. पोरीने ऐकलं नाही.

पारिजात

हे तर मालिकेचं कथानक झालं. पुढे काय झालं त्यांचं?

दर्यावर्दी

संसार नीट झाला. त्यांची मुलगी एमिली. तिचा मुलगा लॉर्ड लॅन्सडाउन, १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. गढवालमधलं लॅन्सडाउन गाव त्याच्याच नावाचं. म्हणजे आपल्या व्हाइसरॉयचा एक आजोबा नेपोलियनचा सेनानी आणि पणजोबा नेपोलियनला हद्दपारीचा हुकूम ऐकवणारा. यावर काय बोलणार.

अवांतर : आणखी एक जॉन एल्फिन्स्टन (१७२२-१७८५), ब्रिटिश आरमार सोडून रशियाच्या कॅथरीनकडे रिअर अॅडमिरल. १७७० मध्ये चेश्मे येथे तुर्की आरमार जाळलं गेलं त्या मोहिमेत होता.

मीरा_अबर्डीन

मी वाट बघत होते की बिशपसाहेबांचं नाव कोण काढतंय. कोणीच नाही! इथे अबर्डीनमध्ये एल्फिन्स्टन म्हटलं की मुंबईचा गव्हर्नर कोणालाच आठवत नाही, एकच आठवतो : बिशप विल्यम एल्फिन्स्टन (१४३१-१५१४).

ग्लासगोत जन्म, बाप धर्मगुरू. म्हणजे लग्नाबाहेरचं मूल, आणि त्या काळात अशा मुलाला चर्चमध्ये वर चढायला पोपची खास परवानगी लागे. तो कायदा शिकला, पॅरिसला राहिला, स्कॉटलंडचा राजा चौथ्या जेम्सचा विश्वासू झाला. फेब्रुवारी १४९५ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरकडून फर्मान मिळवून त्याने अबर्डीनचं विद्यापीठ काढलं. लवकरच तिथे वैद्यकाचा अध्यापकही नेमला, इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं ते पहिलं वैद्यक अध्यासन मानतात.

आणि छापखाना! स्कॉटलंडात छपाई आली ती याच्या खटपटीने. १५०७ मध्ये राजाने चेपमन आणि मिलर या दोघांना परवाना दिला, त्यामागे याला स्थानिक संतांची प्रार्थनापोथी छापून हवी होती. ती १५१० च्या सुमारास निघाली. तीनशे वर्षांनी त्याच आडनावाच्या माणसाच्या तंबूत मराठी पुस्तकांचे गठ्ठे, हे वाचून मला गंमत वाटली.

किंग्ज कॉलेजच्या चॅपलबाहेर त्याचं ब्राँझचं भलंमोठं स्मारक आहे. आत ठेवायला बनवलं होतं, पण आत मावेना, म्हणून बाहेर. वरती बिशप झोपलेला, खाली कडेने सद्गुणांच्या स्त्रीमूर्ती. हिवाळ्यात त्याच्या पोटावर बर्फ साचतो आणि परीक्षेला जाणारी मुलं शेजारून धावत जातात. शेजारच्या हॉललाही त्याचंच नाव.

तो फ्लॉडनच्या लढाईच्या विरोधात होता. राजाने ऐकलं नाही. राजाही पडला आणि गिरगावकरांनी वर लिहिलेला पहिला लॉर्डही. हा पुढल्या वर्षी गेला.

काबुली_चणा

म्हणजे 'नका जाऊ' असं सांगणारा एक एल्फिन्स्टन आणि जाऊन मरणारा दुसरा, हे १५१३ मध्येही झालं होतं!

लेखणीबहाद्दर

मीराताई, दंडवत. मी बाल्मेरिनो शाखा टाकतो. तिसऱ्या लॉर्डच्या एका धाकट्या मुलाला, जेम्सला, लॉर्ड बाल्मेरिनो किताब मिळाला. हा स्कॉटलंडचा राजा सहाव्या जेम्सचा सचिव. राजाच्या सहीने पोपला एक गोडीगुलाबीचं पत्र गेलं होतं. पुढे ते उघडकीला आल्यावर हा बाल्मेरिनो म्हणाला, कागदांच्या गठ्ठ्यात ते मीच सरकवलं, राजाने न वाचता सही केली. राजाला वाचवायला दोष अंगावर घेतला की खरंच तसं केलं, यावर अजून वाद आहे. देहदंडाची शिक्षा झाली, अंमलात आली नाही.

त्याच गादीवरचा सहावा, आर्थर एल्फिन्स्टन, जॅकोबाइट, म्हणजे हाकललेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचा बंडखोर. कलोडनच्या लढाईत बंड मोडल्यावर पकडला गेला. टॉवरमधून खटल्याला नेताना कैद्यांसोबत कुऱ्हाड न्यायची प्रथा. कोणत्या गाडीत ठेवायची यावर शिपायांचा घोळ सुरू झाला, तेव्हा हा म्हातारा म्हणाला, 'चला, चला, माझ्याच गाडीत ठेवा.' १८ ऑगस्ट १७४६ ला टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. बंडातला गणवेश घालूनच चढला.

पारिजात

हा आवडला. गव्हर्नरांपेक्षा हा.

कोणी लेखक-बिखक नाही का या घराण्यात?

लेखणीबहाद्दर

जेम्स एल्फिन्स्टन (१७२१-१८०९), इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'e' न लिहिणारा. शाळामास्तर, इंग्रजी शब्दकोशवाल्या डॉ. जॉन्सनचा स्नेही. इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहावी असा त्याचा हट्ट, त्यासाठी स्वतःची पद्धत काढून त्यात पुस्तकंही छापली. लोकांनी हसण्यावारी नेलं. रोमन कवी मार्शलचं भाषांतर केलं ते इतकं वाईट की स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने त्यावर चार ओळींची खिल्ली लिहिली. शुद्धलेखनाच्या धाग्यांवर तावातावाने लिहिणाऱ्या आपल्या काही सदस्यांना हा जवळचा वाटेल. नावं घेत नाही.

सह्यभटका

व्हिक्टोरिया क्रॉसवालाही एक आहे : हॉवर्ड एल्फिन्स्टन, इंजिनिअर अधिकारी. क्रिमियात सेबास्टोपोलला जून १८५५ मध्ये रेडान मोर्चावरचा हल्ला फसल्यावर रात्री पुढे जाऊन शिड्या परत आणल्या, जखमींना उचललं. पुढे राणीच्या मुलाचा, प्रिन्स आर्थरचा पालक-शिक्षक. १८९० मध्ये सुट्टीवर जाताना जहाजावरून लाटेने ओढून नेलं.

पारिजात

आता आहेत का हे लॉर्ड?

मीरा_अबर्डीन

आहेत, किताब चालू आहे. सोळाव्या लॉर्डने १९१० मध्ये लेडी मेरी बोज-लायनशी लग्न केलं. तिची धाकटी बहीण पुढे राणी झाली, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथची आई. त्यामुळे या घरातली मुलं दुसऱ्या एलिझाबेथची सख्खी मावसभावंडं.

त्यातला जॉन १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती लागला. राजाच्या बायकोचा भाचा म्हणून त्याला जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यात 'खास' कैद्यांत ठेवलं. चर्चिलचा एक नातलगही त्यांच्यात होता. हिटलरला शेवटी सौदेबाजीला हे ओलीस उपयोगी पडतील असा हिशेब. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना किल्ल्यातून हलवलं, पण स्विस प्रतिनिधींच्या मध्यस्थीने ते अमेरिकन फौजेपर्यंत सुखरूप पोचले. तो पुढे सतरावा लॉर्ड झाला.

जुना_गिरगावकर

मीराताई, वंशावळीचा एक तक्ता करून वर डकवता येईल का? नावं तीच तीच असल्याने खाली वाचणाऱ्यांचे हाल होतायत.

मीरा_अबर्डीन

शनिवारी करते. बरेच जॉन, बरेच विल्यम आहेत, रंग वेगवेगळे द्यावे लागतील.